मागच्या सीटची थरथर: भाग बदलण्याआधी तिची गती मोजा

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ राहील. मागच्या चाकांवर चालणारी, मागे कमानपाटे (लीफ स्प्रिंग) असलेली सात सीटर डिझेल गाडी. रनिंग १ लाख २० हजार किमी. ताशी ७५ ते ९५ च्या दरम्यान फ्लोअर आणि मागच्या सीटा थरथरतात, कानात घुमल्यासारखं होतं, स्टिअरिंग मात्र शांत. ॲक्सिलरेटर सोडला की थरथर कमी होते. आतापर्यंत व्हील बॅलन्सिंग दोनदा, अलाइनमेंट एकदा, मागचे दोन टायर नवे, शॉक ॲब्सॉर्बर नवे. फरक शून्य. आता गॅरेजवाले डिफ्रन्शियल (मागच्या एक्सलमधला, चाकांना फिरवणारा गिअरांचा डबा) उघडू म्हणतात.

डिफ्रन्शियल उघडायला निदान आत्ता तरी देऊ नका. त्यातले मोठं आणि छोटं गिअर, म्हणजे क्राऊन आणि पिनियन, यांच्यातली फट आणि बेअरिंगवरचा ताण कंपनीत शिम (पातळ चकत्या) लावून ठरवलेला असतो. तो एकदा हलला की पूर्वीसारखा बसवणारा कारागीर शोधावा लागतो, आणि नीट बसला नाही तर आज नसलेला हुंकार उद्यापासून सुरू होतो.

तुम्ही प्रश्नात तीन गोष्टी जाता जाता लिहिल्या आहेत. दिवाळीच्या आधी क्लच प्लेट बदलली. त्याच सुमारास सामान न्यायला बरं म्हणून मागे दोन्ही बाजूंना एक-एक जादा पाटा टाकला, त्याने गाडी मागून चार सेंटीमीटर उचलली गेली. आणि गाडी माणसांनी भरली की थरथर कमी वाटते. टायर, बॅलन्सिंग, शॉक ॲब्सॉर्बर यांच्यावर जे पैसे गेले ते या तीन गोष्टी कुणी विचारल्याच नाहीत म्हणून गेले. कुठलीही थरथर शोधताना पहिला प्रश्न हाच हवा: ती सुरू होण्याच्या आधी गाडीखाली शेवटचं काम कोणतं झालं?

तरीही नुसत्या अंदाजावर पाना लावू नये. थरथरीचं एक बरं असतं, ती स्वतःची ओळख सांगते. गाडीत फिरणारा प्रत्येक भाग ठरावीक गतीने फिरतो. थरथर एका सेकंदात किती वेळा येते ते कळलं की संशयित भाग एक-दोनच उरतात. हे गणित तुमच्या गाडीवर करून दाखवतो.

तुमचे टायर २१५/७५ आर १५ आहेत. त्याचा व्यास साधारण ७०३ मिमी, म्हणजे परीघ २.२१ मीटर. ताशी ८० किमी म्हणजे सेकंदाला २२.२ मीटर. भागाकार केला की चाक सेकंदाला १० वेळा फिरतं, म्हणजेच १० हर्ट्झ. डिफ्रन्शियलचं गुणोत्तर ४.१ धरलं तर प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणारा फिरता दांडा, सेकंदाला ४१ वेळा फिरतो. शाफ्टच्या क्रॉस जॉइंटमधून (शाफ्टला कोनात वळूनही फिरू देणाऱ्या सांध्यातून) उठणारा धक्का एका फेरीत दोनदा येतो, म्हणून तो ८२ हर्ट्झ. इंजिन ८० ला पाचव्या गिअरमध्ये दोन हजार आरपीएमच्या आसपास असेल, म्हणजे ३३ हर्ट्झ, आणि चार सिलिंडरच्या इंजिनात फेरीला दोन स्फोट होतात म्हणून ६६. आता बघा, १०, ३३, ४१, ६६, ८२. हे आकडे एकमेकांपासून इतके लांब आहेत की गोंधळ व्हायला जागाच नाही.

तुमच्या गाडीचं नेमकं गुणोत्तर मॅन्युअलमध्ये मिळेल. नाही मिळालं तर गाडी सपाट जागी लावा, पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, गिअर न्यूट्रल ठेवा. मागचं एकच चाक जॅकने उचलून एक्सलखाली घोडी (जॅक स्टँड) द्या आणि मगच हँडब्रेक सोडा. शाफ्टवर खडूने रेघ मारा. उचललेलं चाक पूर्ण दोन फेऱ्या फिरवा आणि शाफ्टच्या फेऱ्या दुसऱ्या माणसाला बाजूने वाकून मोजू द्या. दुसरं चाक जमिनीवर अडकलेलं असल्याने डिफ्रन्शियलमुळे एका चाकाच्या दोन फेऱ्या म्हणजे दोन्ही चाकांची एक फेरी. चार फेऱ्या आणि थोडं वर आलं तर गुणोत्तर ४.१ च्या जवळपास. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही, घोडी हवीच.

हे आकडे अंगाला वेगवेगळे जाणवतात. १० हर्ट्झची थरथर डोळ्यांना दिसते: मांडी हलते, सीटची पाठ हलते, बाटलीतलं पाणी हिंदकळतं. त्यात आवाज जवळजवळ नसतो. ४० च्या आसपासची मोजता येत नाही, तळपायाला झिणझिण्या येतात, आतल्या आरशातलं चित्र धूसर होतं. ८० च्या वर गेली की ती कानाने जास्त कळते, बंद गाडीत घुमणारा, कानावर दाब देणारा आवाज. तुम्ही लिहिलंय, कानात घुमतं. चाकाची थरथर कानात घुमत नाही.

खात्रीसाठी मोबाईल वापरा. थरथर मोजणारी मोफत ॲप्स मिळतात. फोन हातात धरू नका, सीटवर ठेवू नका, कारण गादी बारीक थरथर खाऊन टाकते. मागच्या सीटच्या लोखंडी रेलवर दुहेरी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. फोन सेकंदाला जितकी मोजमापं घेतो त्याच्या निम्म्यापर्यंतचीच हर्ट्झ तो खरी दाखवतो. पुष्कळ फोन सेकंदाला १०० मोजमापं घेतात, त्यांना ८२ हर्ट्झ पकडता येत नाही. उलट ते तिला १८ हर्ट्झ म्हणून दाखवतील आणि तुम्ही पुन्हा टायरवाल्याकडे जाल. ॲपमध्ये मोजमापांची गती २०० किंवा जास्त करता येत असेल तर करा. नाही तर फोनच्या माइकवर चालणारं आवाजाचं ॲप घ्या, घुमण्याचा सूर त्यात पकडला जातो.

आता रस्त्यावरची तपासणी. सोबत एक माणूस घ्या, लिहायचं काम त्याचं. रस्ता डांबरी आणि सपाट निवडा. समृद्धी महामार्गासारख्या सिमेंटच्या रस्त्यावर पृष्ठभागावरच्या रेघांमुळे टायर स्वतःच सूर काढतात आणि तो सूरही वेगाबरोबर बदलतो, त्यामुळे फसायला होतं. रात्रभर उभी असलेली गाडी आधी दहा-पंधरा किलोमीटर चालवून टायर गरम करा, कारण उभं राहून टायरला तळाशी आलेला सपाटपणा तेवढ्यात निघून जातो.

पहिली चाचणी: ८५ ला पाचव्या गिअरमध्ये थरथर नीट येऊ द्या, मग त्याच वेगाला चौथा गिअर टाका. गाडीचा वेग तोच, इंजिनची गती बदलली. थरथर होती तशीच राहिली तर इंजिन, क्लच, फ्लायव्हील सगळे संशयातून सुटले. क्लच प्लेट बदलल्यामुळे थरथर आली असा संशय असेल तर तो इथेच मिटतो. मात्र क्लचच्या कामासाठी गाडीखालून आणखी काय काय उतरवलं गेलं हा प्रश्न उरतोच, त्याकडे पुढे येतो.

दुसरी: ९५ ला नेऊन क्लच दाबा, न्यूट्रल करा आणि वेग आपोआप ७० पर्यंत उतरू द्या. इंजिन चालूच ठेवायचं. बंद केलं तर ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातात. ही चाचणी मागेपुढे कुणी नसलेल्या सपाट रस्त्यावरच करायची, उतारावर किंवा खंबाटकीसारख्या घाटात अजिबात नाही. न्यूट्रलमध्ये थरथर तेवढीच राहिली तर चाकं, ब्रेकचे ड्रम किंवा शाफ्टचा असमतोल. भार काढताच ती बदलली तर क्रॉस जॉइंट, त्यांचे कोन किंवा पिनियन. असमतोलाला तुम्ही ॲक्सिलरेटर दाबलाय की सोडलाय याच्याशी फारसं देणंघेणं नसतं, कोनाला असतं.

तिसरी चाचणी फार थोडे लोक करतात, पण मला ती आवडते. एकाच वेगाने जाताना लांब वळण आलं की लक्ष द्या. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त फिरतं, त्यामुळे दोन चाकांच्या जड बाजूंचं एकमेकांशी असलेलं नातं बदलतं. वळणाआधी जोरात असलेली थरथर वळण संपल्यावर मंदावली, किंवा सरळ रस्त्यावरच दर काही सेकंदांनी ती चढते-उतरते असं दिसलं, तर दोषी दोन्ही बाजूंची चाकं आहेत. शाफ्ट एकच आहे, त्याच्याशी भांडायला दुसरा नाही, म्हणून त्याची थरथर अशी लाटांनी येत नाही.

तुमच्या वर्णनावरून चाकं संशयातून सुटतात असं मला वाटतं. पण तुमच्या टायरवाल्याने आधी चाकांकडे पाहिलं ते चुकीचं नव्हतं. ७५ ते ९५ ला तुमची चाकं साडेनऊ ते बारा हर्ट्झने फिरतात आणि अखंड मागचा एक्सल स्प्रिंगांवर उड्या मारायला लागतो तो साधारण याच पट्ट्यात. म्हणून चाकाचा छोटा दोषही इथे मोठा दिसतो. रिमच्या कडेला फक्त ३० ग्रॅम कमी पडले तर ८० च्या वेगाला सव्वादोन किलो वजनाइतका धक्का, सेकंदाला दहा वेळा.

म्हणून चाकांचा निकाल एकदा कायमचा लावून टाका. नुसतं बॅलन्सिंग केलं एवढं पुरत नाही. मशीनवर शून्य आल्यावर टायरवाल्याला सांगा, चाक सैल करून अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसव. आता मशीनने १० ग्रॅमपेक्षा जास्त दाखवलं तर चाक मशीनवर मध्यावर बसतच नाही. चाक मध्यावर धरणारा मशीनचा शंकू झिजलाय किंवा रिमच्या मधल्या भोकाला गंज आहे, आणि आधीची दोन्ही बॅलन्सिंग वाया गेली आहेत. तिथेच चाक फिरवून रिमच्या आणि टायरच्या कडेजवळ पेन धरून बघा. टायर वरखाली एक-दीड मिमीपेक्षा जास्त नाचत असेल तर कितीही वजनं चिकटवा, ते टायर गोल होणार नाही. नवे टायरही असे निघतात. पावसाळ्यानंतर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल हे तर नेहमीचं कारण. हबच्या तोंडावरचा गंज घासून काढा, नट आलटून-पालटून समोरासमोरचे आवळा. मग पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून एक चक्कर मारा. थरथर स्टिअरिंगमध्ये आली तर ती चाकांचीच. जिथल्या तिथे राहिली तर चाकं सुटली आणि मागच्या ड्रमचा असमतोल, वाकलेली एक्सल शाफ्टची फ्लँज (बोल्टने जोडायची चकती) एवढंच त्या बाजूला उरतं.

अलाइनमेंटबद्दल एकदा स्पष्टच लिहितो. अलाइनमेंट चुकली की गाडी ओढते आणि टायर खाते. त्याने थेट थरथर येत नाही, आणि अखंड एक्सल असलेल्या मागच्या चाकांना तर बदलण्यासारखं अलाइनमेंट नसतंच. शॉक ॲब्सॉर्बरही थरथर निर्माण करत नाहीत. थकलेले असले तर दुसऱ्याने केलेली थरथर ते लवकर विझवत नाहीत, इतकंच.

आता मुख्य संशयिताकडे, प्रोपेलर शाफ्टकडे.

तुमच्या गाडीत तो दोन तुकड्यांत आहे. पुढचा तुकडा गिअरबॉक्सपासून सेंटर बेअरिंगपर्यंत (शाफ्टला मधे टेकू देणारं बेअरिंग), मागचा तिथून पिनियनपर्यंत. एकूण तीन क्रॉस जॉइंट. मागच्या तुकड्याच्या पुढच्या टोकाला दातऱ्यांचा सरकता जोड असतो, एक्सल वरखाली होताना लांबी कमीजास्त व्हावी म्हणून.

क्रॉस जॉइंटची एक खोड इंजिनिअरिंगच्या डिप्लोमात ‘हूक्स जॉइंट’ म्हणून शिकवतात. त्यात कोन असला की एका बाजूने सारख्या गतीने फिरवला तरी दुसरी बाजू सारखी फिरत नाही. प्रत्येक फेरीत दोनदा थोडी पुढे धावते, दोनदा मागे पडते. ३ अंशांच्या कोनाला हा फरक हजारात दीडएक इतका किरकोळ असतो. १० अंशांना शंभरात दीड होतो. तो कोनाच्या वर्गाने वाढतो: कोन दुप्पट, धक्का चौपट. यावरचा उपाय जुना आणि सुंदर आहे. शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच कोनाचा दुसरा जॉइंट लावायचा आणि दोन्ही योक (क्रॉसला धरणारे शाफ्टच्या टोकांचे दुबेळके) एका रेषेत ठेवायचे, म्हणजे पहिल्याने केलेली गडबड दुसरा पुसून टाकतो. हा हिशोब दोन गोष्टींवर उभा आहे, योकची रेषा आणि कोनांची बरोबरी. तुमच्या गाडीत दिवाळीच्या सुमारास या दोन्हींना हात लागला आहे.

क्लच प्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि त्याआधी प्रोपेलर शाफ्ट. काढताना सरकता जोड बऱ्याचदा हातात निखळून येतो. त्यावर दोन्ही बाजूंना बाणांच्या खुणा असतात, पण ग्रीस आणि मातीखाली त्या दिसत नाहीत. परत बसवताना एक-दोन दात इकडेतिकडे झाले तरी जोड आरामात आत जातो आणि गाडी चालतेही. फक्त योक एका रेषेत राहत नाहीत, आणि जे पुसलं जायला हवं ते पुसलं न जाता फेरीला दोनदा फ्लोअरवर आदळत राहतं. तोच तुमचा ८२ हर्ट्झ. त्याच कामात गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर आणि रबर माउंट निघतात. ते पुन्हा तिरके बसले किंवा एखादं पॅकिंग राहून गेलं तर गिअरबॉक्सची शेपटी खाली-वर होते आणि पहिल्या जॉइंटचा कोन बदलतो. सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटची भोकं लांबट असतात, तेही ओढून-ताणून आवळलं की रबर एका बाजूला दबून राहतं.

जादा पाट्याचा हिशोब वेगळा. मागून गाडी ४० मिमी उचलली म्हणजे चासीच्या मानाने पिनियन ४० मिमी खाली गेला. मागचा तुकडा साधारण १.२ मीटर लांब धरला तर त्याचा उतार जवळजवळ १.९ अंशांनी वाढला. पूर्वी कोन २ अंश असेल तर आता ३.९, म्हणजे धक्का जवळजवळ चौपट. माणसं बसली की पाटे दबतात, कोन पुन्हा मूळ जागी येऊ लागतो आणि थरथर कमी होते. तुमच्या तिसऱ्या वाक्याचा अर्थ हा. टायर खराब असता तर माणसं भरल्याने तो बरा झाला नसता.

आता कामाचा क्रम. फुकट आणि बिनधोक असेल ते आधी.

गाडी रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्या, चाकांवर उभी असताना. दोन खांबांच्या लिफ्टवर चासी धरून उचलली तर एक्सल खाली लोंबतो, सगळे कोन खोटे होतात, आणि त्या स्थितीत गिअर टाकून शाफ्ट फिरवणं धोक्याचंही आहे. इंजिन बंद, चाकांना दगड. सरकता जोड रॉकेल लावून स्वच्छ पुसा आणि बाण शोधा. बाण समोरासमोर नसतील तर अर्धं काम तिथेच झालं. खुणा सापडल्या नाहीत तर मागच्या तुकड्याच्या दोन टोकांचे योक नजरेने जुळवून पाहा, बहुतेक गाड्यांत ते एका रेषेत असतात. काही कंपन्या मात्र मुद्दाम थोडा फरक ठेवतात, म्हणून तुमच्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल पाहिल्याशिवाय नजरेवर दात बदलू नका. काढायच्या आधी आहे ती स्थिती पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा, फ्लँजवरही.

तिथेच असताना क्रॉस तपासा. दोन्ही योक दोन हातांत धरून उलटसुलट पिळा, नुसता स्पर्शाला कळेल इतकाही ढिलेपणा नको. क्रॉसच्या टोकांवरच्या कपाच्या कडेला गंजासारखी लाल भुकटी दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडल्या आहेत, तो क्रॉस गेला. सावकाश रिव्हर्स घेताना चुकचुक आवाज किंवा गिअर पडताना टण्‌ असा ठोका हीसुद्धा त्याचीच चिन्हं. पिनियनची फ्लँज वरखाली हलवून बघा. ती हलत असेल तर मात्र डिफ्रन्शियलवाल्यांचं म्हणणं मी मान्य करेन. सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का, शाफ्टवर दगडाचा पोचा आहे का, आणि वेल्डिंग करून लावलेली छोटी चौकोनी वजनं कुठे सुटून पडली आहेत का, म्हणजे रंगाच्या मध्ये उघडा चौकोन दिसतो का, हे टॉर्चने सगळीकडून बघा. पोटाखाली गंजरोधक डांबरी लेप मारताना तो शाफ्टवर उडाला असेल तर खरवडून काढा. मला हा लेप शाफ्टवर बऱ्याच गाड्यांत सापडतो आणि तो असमतोल करायला पुरेसा असतो.

मग कोन. चुंबकाचं डिजिटल अँगल गेज बाजारात सहज मिळतं, फोनपेक्षा ते बरं. गिअरबॉक्सची फ्लँज, शाफ्टचा पुढचा तुकडा, मागचा तुकडा, पिनियनची फ्लँज, या चार जागांचा उतार घ्या. शेजारच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या जॉइंटचा कोन. एक मापन रिकाम्या गाडीचं, एक मागे चार माणसं बसवून. महामार्गाच्या वेगाला प्रत्येक कोन ३ अंशांच्या आत आणि मागच्या तुकड्याच्या दोन टोकांच्या कोनांत फरक १ अंशाच्या आत, हा माझा मापदंड. अगदी शून्यही चांगला नाही. किमान अर्धा अंश असला की क्रॉसच्या सुया फिरत राहतात, नाहीतर एकाच जागी खड्डे पाडतात.

रिकाम्या गाडीला कोन जास्त निघाले तर माझा सल्ला सरळ आहे: जादा पाटा काढून टाका. वर्षातून चार वेळा सामान न्यायचं असेल तर त्यासाठी रोजची गाडी बिघडवू नये. पाटा हवाच असेल तर एक्सल आणि कमानपाट्यांच्या मध्ये पाचर घालून पिनियनचा कोन बदलता येतो, सेंटर बेअरिंगच्या ब्रॅकेटला वायसर देऊन मधला कोनही साधता येतो, पण एका जॉइंटचं सोडवताना दुसऱ्याचं बिघडतं. हे काम मोजमाप घेतलेल्यानेच करावं. पाचर उलटी बसली की फरक दुप्पट होतो. पाटा काढण्याआधी खात्री करायची तर मागे दीडशे-दोनशे किलो वाळूची पोती नीट बांधून एक चक्कर मारा, तीच ८५ ची. घुमणं जवळजवळ गेलं तर कोनाचा दोष पक्का.

बाण जुळलेले, कोन बरोबर, क्रॉस घट्ट, तरीही थरथर उरली आणि मोजणीत ८२ नव्हे तर ४१ हर्ट्झ आले, तर शाफ्टचा असमतोल. पहिला स्वस्त उपाय: पिनियनच्या फ्लँजचे चार बोल्ट काढून शाफ्ट अर्धा फेरा फिरवून बसवा. कधीकधी फ्लँज आणि शाफ्ट यांचे किरकोळ दोष एकाच बाजूला आलेले असतात, ते समोरासमोर आले की एकमेकांना खातात. त्याने बदल झाला, बरा किंवा वाईट, तर तुम्ही योग्य जागी आहात. नंतर होज क्लिपची युक्ती. शाफ्टच्या मागच्या टोकाला एक क्लिप घट्ट आवळा, तिचा स्क्रू म्हणजे वजन. स्क्रू एका बाजूला ठेवून चक्कर, मग पाव फेरा फिरवून पुन्हा, असं चारही बाजूंना. जिथे थरथर सर्वांत कमी तिथे वजन हवंय. क्लिप ब्रेकच्या पाइपला किंवा सायलेन्सरला लागत नाही ना ते हाताने शाफ्ट फिरवून आधी बघायचं. ही युक्ती निदानासाठी आहे. कायमचं काम म्हणजे शाफ्ट उतरवून बॅलन्सिंग मशीनवर चढवणं. तुमच्या कराडपासून कोल्हापूरचं उद्यमनगर लांब नाही, तिथे लेथ आणि शाफ्टची कामं पिढ्यान्‌पिढ्या होतात. पण विचारून घ्या की बॅलन्सिंग खरंच फिरत्या मशीनवर करतात का. लेथवर शाफ्ट सरळ आहे की नाही एवढंच कळतं.

क्रॉस बदलायचा झाला तर हातोड्याने ठोकून नाही, प्रेसवर. सर्क्लिप (कप जागेवर धरणाऱ्या कड्या) दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या हव्यात, म्हणजे क्रॉस बरोबर मध्यावर बसतो. शाफ्टच्या मागच्या टोकाचं पाच किलो वजन मध्यापासून एक दशांश मिमी जरी सरकलं तरी ८० च्या वेगाला साडेतीन किलोच्या आसपास धक्का बसतो. म्हणून नवा क्रॉस टाकल्यावर शाफ्ट बॅलन्स करून घेणं हे खर्च वाढवण्यासाठी सांगितलेलं काम नाही, ते त्याच कामाचा भाग आहे.

ज्यांची गाडी पुढच्या चाकांवर चालते त्यांना वरचं बरंचसं लागू नाही, त्यांच्याकडे हा शाफ्टच नाही. त्यांनी मागची चाकं, ड्रम, हब बेअरिंग आणि सायलेन्सरचे रबर हँगर एवढंच पाहावं. सायलेन्सर बॉडीला टेकला की मागच्या सीटला अगदी शाफ्टसारखी थरथर येते, पण ती इंजिनच्या गतीशी बांधलेली असते, म्हणून चौथ्या-पाचव्या गिअरच्या चाचणीतच ती पकडली जाते.

हे लांबणीवर मात्र टाकू नका. ८० हर्ट्झचे धक्के रोज तासभर बसले की गिअरबॉक्सच्या शेपटीचं सील गळतं, पिनियनचं सील गळतं, ॲल्युमिनियमच्या केसिंगला तडा जाऊ शकतो. आणि लाल भुकटी दिसलेला क्रॉस असेल तर त्यावर महामार्गाला अजिबात जाऊ नका. पुढचा जॉइंट तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं.

येत्या रविवारी फक्त बाण आणि चार उतार पाहा, दोन्हीला मिळून तासाभराचं काम आहे. रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आठ आकडे आणि रेलवर चिकटवलेल्या फोनने दाखवलेले हर्ट्झ मला कळवा, पाचर लागेल की नुसते दात जुळवून भागेल ते त्यावरून सांगता येईल. पाटा काढलात तर पाटे एक्सलला बांधणारे यू-बोल्ट नवे टाका, गाडीचं वजन चाकांवर असताना आवळा, आणि ५०० किमी झाल्यावर टॉर्क पान्याने पुन्हा एकदा तपासून घ्या.